फुप्फुसाचा तुकडा काढण्याआधी

फुप्फुसाच्या सर्जिकल बायोप्सीला आमचा विरोध नाही. तिच्या फायद्या-तोट्याचा हिशेब पेशंटसमोर ज्या तऱ्हेने मांडला जातो, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

आधी प्रसंग समजून घेऊ. कोरडा खोकला, चालताना दम. टीबीची तपासणी निगेटिव्ह. एचआरसीटीत दोन्ही फुप्फुसांत जाळीसारखे व्रण. याला आयएलडी म्हणतात; हा एक आजार नाही, आजारांचं कुटुंब आहे. त्यातला नेमका कोणता हे कळेना, की बायोप्सीचा विषय निघतो. पूर्ण भूल, बरगड्यांमधून दोन-तीन छिद्रं, दुर्बिणीतून तुकडे काढणं आणि मग काही काळ छातीत नळी.

फायदा खरा आहे. आयपीएफमध्ये पूर्वी स्टिरॉइड, अझाथायोप्रिन आणि अ‍ॅसिटिलसिस्टीन असं तिहेरी औषध देत. 2012 साली अमेरिकेतल्या चाचणीत त्या गटात मृत्यू जास्त झाल्याचं दिसलं आणि ते देणं थांबवलं गेलं. उलट, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसमध्ये, म्हणजे श्वासातून गेलेल्या बुरशी-धुळीच्या वावड्यातून होणाऱ्या आजारात, स्टिरॉइडचा उपयोग होऊ शकतो. म्हणजे निदान चुकलं तर औषधच बाधतं.

आता धोका. 2000 ते 2011 या काळातल्या अमेरिकी रुग्णालयांच्या आकडेवारीत, ठरवून केलेल्या बायोप्सीनंतर रुग्णालयातच दगावणारे सुमारे 1.7 टक्के होते. तब्येत बिघडून दाखल झालेल्यांत, न ठरवता करावी लागली तेव्हा तेच प्रमाण 16 टक्के. आमचा आक्षेप इथे आहे. नातेवाइकांना ‘धोका एक-दोन टक्के’ एवढंच सांगितलं, तर तो आकडा कुणाचा? वय जास्त, ऑक्सिजन चालू, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढलेला, अशा माणसाला तो लागू होत नाही. टक्केवारी खरी असूनही सल्ला चुकीचा ठरतो.

दुसरा आक्षेप क्रमाबद्दल. निमगाव केतकीत बोलतोय म्हणून इथलीच उदाहरणं घेऊ. आजूबाजूला ऊस आहे, गोठे आहेत. बुरशी आलेल्या चिपाडाच्या धुळीने होणाऱ्या आजाराला तर नावच आहे, बगॅसोसिस. कुजका कडबा, कोंबड्या-कबुतरं, पाणी न बदललेला कूलर, हेही संशयित. भारतातल्या 19 शहरांतल्या 27 केंद्रांनी 2012 ते 2015 मध्ये 1,084 आयएलडी रुग्णांची नोंद केली. त्यात 47.3 टक्क्यांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस निघाला, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांचा संबंध कूलरशी होता. शहरी केंद्रांचा आकडा गावाला जसाच्या तसा लावू नये. पण धडा स्पष्ट आहे: ‘घरात काय, गोठ्यात काय, काम कसलं?’ हे प्रश्न फुकट आहेत, आणि ते सुरीच्या आधी यायला हवेत. तसेच संधिवाताच्या रक्ततपासण्याही.

2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात, की सीटीवर आयपीएफचं ठराविक चित्र असेल तर सर्जिकल बायोप्सी करू नये. 2022 मध्ये, अनुभवी केंद्रांत, दुर्बिणीतून गोठवून तुकडा घेण्याची क्रायोबायोप्सी हा पर्याय म्हणून मान्य झाला. तिथे जखम लहान, पण तुकडाही लहान. रक्तस्रावाचा आणि फुप्फुसाबाहेर हवा साठण्याचा धोका उरतोच.

कुणी म्हणेल, मग बायोप्सी टाळलेलीच बरी. तेही आम्हाला पटत नाही. तब्येत बरी असलेल्या, चाळिशीतल्या माणसाचं निदान अडलं असेल आणि आपण वर्षभर अंदाजाने स्टिरॉइड देत राहिलो, तर त्याचीही किंमत आहे: साखर, हाडं, जंतुसंसर्ग, आणि हातातून गेलेला काळ. फक्त ही किंमत संमतीपत्रावर छापलेली नसते.

म्हणून सही करण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. माझ्या वयाला, माझ्या फुप्फुसाला धोका किती? छातीचे डॉक्टर, सीटी वाचणारे आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून माझी केस बघितली का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, रिपोर्ट काहीही आला तरी औषध तेच राहणार आहे का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल, तर तो तुकडा फुप्फुसातच राहू द्या.