युद्धाच्या तारखा आणि मराठी वाङ्मय

आमच्या वाङ्मयेतिहासकारांस एक सवय जडली आहे. विसाव्या शतकातील मराठी वाङ्मयाचे ते सरळ दोन भाग पाडतात : एक युद्धपूर्व आणि दुसरा युद्धोत्तर. 1945 साल हा मधला बांध. त्याच्या अलीकडे फडके-खांडेकर आणि पलीकडे नवकाव्य व नवकथा. पाठ्यपुस्तकांस ही विभागणी सोयीची आहे यात शंका नाही, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ती शोभूनही दिसते. परंतु ज्या युद्धाच्या नावाने हा बांध घातला ते मराठी माणसापुरते सुरू केव्हा झाले आणि संपले केव्हा, हा साधा प्रश्न विभागणी करण्यापूर्वी कोणी विचारल्याचे सहसा आढळत नाही. तो विचारला म्हणजे बांध हलू लागतो, आणि त्याबरोबर काही चांगल्या पुस्तकांना आपण दिलेली जागाही हलते. म्हणून हा प्रपंच.

प्रथम तारखांकडेच पाहू. युरोपीय ग्रंथकार 1 सप्टेंबर 1939 हा दुसऱ्या महायुद्धाचा आरंभदिन मानतात; त्या पहाटे जर्मन फौजा पोलंडमध्ये शिरल्या. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी 3 तारखेस युद्ध पुकारले, आणि त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थानही युद्धात असल्याचे जाहीर करून टाकले. मध्यवर्ती कायदेमंडळास वा लोकांच्या पुढाऱ्यांस विचारण्याची गरज त्यांना भासली नाही. त्या वर्षाच्या अखेरीपूर्वी मुंबईच्या खेर मंत्रिमंडळासह काँग्रेसची मंत्रिमंडळे पायउतार झाली ती याच कारणाने. रशियन लोक आपले युद्ध 22 जून 1941 पासून मोजतात, अमेरिकन त्याच वर्षीच्या 7 डिसेंबरपासून. चिनी लोकांचे युद्ध तर 7 जुलै 1937 रोजीच पेकिंगजवळील मार्को पोलो पुलापाशी पेटले होते.

ही शेवटची तारीख आपल्याला वाटते तितकी परकी नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर हे इतर तिघा सहकाऱ्यांबरोबर चीनच्या जखमी सैनिकांची शुश्रूषा करण्यास मुंबईहून निघाले ते सप्टेंबर 1938 मध्ये, म्हणजे पोलंडवरील स्वारीच्या सुमारे एक वर्ष आधी. कोटणीस परत आलेच नाहीत. 9 डिसेंबर 1942 रोजी त्यांनी चीनमध्येच देह ठेवला. त्यांच्या सोलापूरच्या घरी जाऊन, युद्ध 1939 साली सुरू झाले, असे सांगण्याचे धैर्य कोणत्या इतिहासकारास झाले असते?

शेवटाची कथा आरंभाहून अधिक घोटाळ्याची आहे. जर्मनीच्या शरणागतीवर 7 मे 1945 रोजी फ्रान्समधील रेम्स येथे सह्या झाल्या. त्या पुरेशा न वाटल्याने 8 मेच्या रात्री बर्लिन येथे पुन्हा झाल्या. त्या वेळी मॉस्कोच्या घड्याळात मध्यरात्र उलटून गेली असल्याने रशियन लोकांचा विजयदिन 9 मे ठरला. जपानच्या सम्राटाचा आवाज आकाशवाणीवरून त्याच्या प्रजेने ऐकला तो 15 ऑगस्टला; करारपत्रावर सह्या मात्र 2 सप्टेंबरला, टोकियोच्या उपसागरात ‘मिसूरी’ या युद्धनौकेवर झाल्या. तेवढ्यानेही भारतापुरते कागद पुरे झाले नव्हते. 1951 च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेस स्वतंत्र भारत गेला नाही. त्याने जपानशी आपला निराळा तह केला तो 9 जून 1952 रोजी. म्हणजे ज्या युद्धात आपल्याला न विचारता ढकलण्यात आले, त्यातून बाहेर पडण्याची सही तेवढी आपण स्वतःच्या हाताने केली. सन-सनावळ्यांच्या पसाऱ्यात एवढी एक गोष्ट आम्हांस मनापासून आवडते.

या साऱ्या तारखा राज्यकर्त्यांच्या आहेत. ज्यांस त्या कोणी कळविल्या नाहीत त्यांची कालगणना कशी असेल, हे पाहण्यास फार दूर जावे लागत नाही. मुंबईच्या उपनगरात खार म्हणून सुशिक्षितांचे जे गाव वसले आहे, त्याच्या पश्चिमेस समुद्रकाठी खारदांडा ही कोळ्यांची त्याहून पुष्कळ जुनी वस्ती आहे. दोहोंमधील अंतर पायी उरकण्यासारखे. पंचांगे मात्र दोन. खारच्या दिवाणखान्यात वर्ष पालटते ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे पान पालटले म्हणजे; दांड्याच्या होड्यांचे वर्ष पालटते नारळी पौर्णिमेस, दर्यास नारळ अर्पण केल्यावर. आता योगायोग पाहावा. 1939 साली नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आली. ती होऊन आठवडा उलटतो न उलटतो तोच युद्ध पुकारले गेले. आणि 1945 ची नारळी पौर्णिमा सम्राटाचे भाषण व ‘मिसूरी’वरील सह्या यांच्या नेमकी मध्ये पडली. कोळ्याच्या हिशेबाने हे युद्ध बरोबर सहा हंगामांचे झाले. याहून नेटकी कालगणना आम्हांस एकाही इतिहासग्रंथात आढळली नाही. यातून काही सिद्ध करावयाचे नाही. परंतु तारीख ही वस्तूत नसून मोजणाऱ्याच्या काठीत असते, हे ध्यानात यावे.

सरकारने तर 1942 च्या सप्टेंबरात देशातील घड्याळेच एक तास पुढे केली आणि 1945 च्या ऑक्टोबरात ती पूर्ववत आणली. कचेरीच्या बाबूंनी तो हुकूम पाळला. भरती-ओहोटीने पाळला नाही, आणि दांड्याचे जीवन चालते ते भरती-ओहोटीवर.

येथवर इतिहास झाला. आता वाङ्मयाकडे वळू. 1939 याच एका वर्षी मराठीत दोन पुस्तके निघाली, ती शेजारी-शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. एक विश्राम बेडेकरांची कादंबरी ‘रणांगण’, दुसरा बा. सी. मर्ढेकरांचा कवितासंग्रह ‘शिशिरागम’. सालाच्या पट्टीने दोन्ही युद्धपूर्व.

‘रणांगण’चे नाव ऐकून कोणी तोफांचा गडगडाट शोधू लागेल तर त्याची निराशा होईल. युरोपातून मुंबईकडे येणारी एक आगबोट, तीवर मायदेशी परतणारे काही हिंदी प्रवासी, आणि त्यांच्याच सोबत जर्मनीतून परागंदा झालेले, दूर पूर्वेकडे आसरा शोधीत निघालेले ज्यू. प्रेमाच्या एका जुन्या अपेक्षाभंगाने ज्याचे मन कडवट झाले आहे असा चक्रधर विध्वंस आणि ज्यू तरुणी हेर्टा यांची काही दिवसांची ही कथा. मुंबई आली, चक्रधर उतरला. हेर्टास उतरता येत नव्हते. बोट पुढे गेली, आणि तिने अखेर समुद्र जवळ केला. एवढेच कथानक. गोळी एकही सुटत नाही. पण माणसाच्या पायाखालची जमीन काढून घेणे हेच जर त्या युद्धाचे मुख्य काम होते, तर ते या कादंबरीच्या पहिल्या पानापासून चालू आहे. पोलंडची सीमा ओलांडण्यासाठी ते थांबलेले नाही. मराठी वाङ्मयात महायुद्ध सुरू झाले ते वॉर्साजवळ नव्हे. ते मुंबईच्या धक्क्यावर, एक जण खाली उतरला आणि दुसरीस उतरता आले नाही, त्या क्षणी सुरू झाले. अशा पुस्तकास ‘युद्धपूर्व’ कप्प्यात टाकून, फडक्यांच्या प्रणयकथांच्या रांगेत ते बसवणे म्हणजे आगीची बातमी हवामानाच्या सदरात छापण्यासारखे आहे.

बेडेकरांनी कादंबरी ही एकच लिहिली. ते मूळचे नाटक-चित्रपटांतले. चित्रपटकलेच्या अभ्यासासाठी ते इंग्लंडला जाऊन आले होते, आणि त्यांच्या लेखणीत कॅमेऱ्याचा तुटकपणा आहे. तो काहींस खटकतो. आम्हांसही चक्रधराचे स्त्रीजातीवरचे शेरे जागोजाग जड जातात. लेखक त्यांच्यापासून नेहमीच पुरेसा अलग राहिलेला नाही. पण कादंबरीचे मोल ओळखण्यास आपणांस जो विलंब लागला त्याचे कारण हा दोष नसावा. जे युद्ध अद्याप छापून आले नव्हते त्याची कथा वाचण्यास वाचक तयार नव्हता, आणि पुढे ते छापून आले तेव्हा कथा मागील तारखेची ठरली.

आता ‘शिशिरागम’. हा मर्ढेकर विलायतेत राहून आलेला, इंग्रजी काव्यात मुरलेला. तरी या संग्रहात युरोपाच्या आभाळात दाटलेल्या वादळाची चाहूल शोधून सापडत नाही. बालकवी आणि माधव जूलियन यांच्या ऋणाईतपणाची ही हळवी, सुरेल कविता. स्वतःच्या दुःखाशी हितगुज करणारी. तीत युद्ध सुरूच झालेले नाही. म्हणजे एकाच वर्षी, एकाच भाषेत, वयानेही जवळपास सारख्या असलेल्या दोन लेखकांपैकी एक युद्धात आहे आणि दुसरा नाही. मग 1939 ही तारीख वाङ्मयाच्या कोणत्या कामाची?

याच कवीची ‘काही कविता’ 1947 साली प्रसिद्ध झाली आणि मराठी कविता मुळापासून हादरली. शब्द तेच, पण मोडलेले. इंग्रजी, संस्कृत आणि चाळीतली बोली यांची एकाच ओळीत टक्कर. आणि पिंपात पडून मेलेले ते उंदीर, ज्यांच्या अर्थावरून आजवर शाईची पिंपे रिकामी झाली. टीकाकारांनी या स्थित्यंतराचे श्रेय एलियटास दिले, आणि वैफल्य युरोपाकडून उसने आणल्याचा ठपकाही ठेवला. यात अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे मुंबईत होते आणि ते पाहण्यास इंग्रजी काव्याची गरज नव्हती. मे 1943 मध्ये या शहरात धान्याचे रेशनिंग सुरू झाले. त्याच वर्षी बंगालात लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. 14 एप्रिल 1944 रोजी, शुक्रवारी, दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकत्र पेटल्या. दोन स्फोट झाले, गोदीच्या आसपासची वस्ती जमीनदोस्त झाली, शेकडो माणसे गेली आणि हजारो बेघर झाली. शत्रूचे एकही विमान आले नव्हते. मुंबईवर युद्ध कोसळले ते तिच्याच धक्क्याला लागलेल्या मित्रपक्षाच्या मालातून. आणि पुढे फेब्रुवारी 1946 मध्ये, युद्ध ‘संपून’ सहा महिने झाले असता, याच बंदरात नाविक दलाने बंड केले. ज्या कवीने ही वर्षे आकाशवाणीच्या नोकरीत, म्हणजे बातम्यांच्या अगदी उगमाशी घालविली, त्याची भाषा मोडण्यास परदेशी हातोडा कशाला हवा होता?

तेव्हा ‘युद्धोत्तर’ हा शब्दही आम्हांस लटका वाटतो. ‘काही कविता’ युद्धाच्या नंतरची नाही. ती युद्धाच्या आतली आहे, फक्त छापखान्यातून उशिरा बाहेर पडली. ज्या गृहिणीच्या हातात रेशनकार्ड स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे राहिले तिला युद्ध कोणत्या दिवशी संपले असे विचारून पाहिले असते तर तिने आपल्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिले असते. काळाबाजार, साठेबाज, महागाई भत्ता हे शब्द त्या दिवसांत घरोघर रुळले. त्यांतला भत्ता तर नोकरदारांच्या पगारपत्रकात अजून आहे, आणि तो वाढला की आपण आनंदितही होतो.

इतिहासकारास तारखा लागतात हे आम्ही नाकारीत नाही; त्यांवाचून इतिहासाची कहाणी होईल. आमची तक्रार एवढीच की उसन्या तारखांनी आपलेच वाङ्मय मोजताना जे आहे ते चुकीच्या जागी पडते, आणि जे नाही त्याची उणीवही दिसेनाशी होते. ही उणीव लहान नाही. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतील बाकीचे सारे मेले किंवा जखमी झाले. ते एकटेच मशीनगनच्या मोर्च्यावर धावून गेले, मोर्चा घेतला, आणि तेथेच गोळी लागून पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तेव्हा तो घेण्यास ते नव्हते. त्याच पलटणीचे नामदेव जाधव हे नगर जिल्ह्यातले. 9 एप्रिल 1945 रोजी सेनियो नदीकाठी त्यांनी आपल्या दोन जखमी सोबत्यांस गोळीबारातून एकेक करून वाहून आणले. युरोपातील युद्ध संपण्यास तेव्हा पुरता एक महिनाही उरला नव्हता. कोकणातून आणि देशावरून अशी हजारो माणसे आफ्रिकेच्या वाळवंटात, इटलीच्या डोंगरांत आणि ब्रह्मदेशाच्या जंगलात गेली. मनीऑर्डरीची आणि तारेची वाट पाहणाऱ्या त्यांच्या घरांस कोणती तारीख आरंभाची होती?

आमची कादंबरी त्या घरांत क्वचितच गेली. ती पुण्याच्या महाविद्यालयांत रमली, बेचाळीसच्या चळवळीत गेली आणि तेथे तिने काही चांगलेही लिहिले. नवकथा चाळीत आणि मध्यमवर्गाच्या मनात उतरली. मराठी शिपायाचे युद्ध इंग्रजाच्या सैन्यातले, म्हणून ते आपले नव्हे, असा संकोच त्या काळी समजण्यासारखा होता. आज त्यास कारण नाही. माणगावास घाडग्यांचा पुतळा आहे. त्यांच्या गावातून निघून टायबरपर्यंत पोचणारी, ‘रणांगण’च्या शेजारी ठेवता येईल अशी कादंबरी मात्र आम्ही अजून शोधीत आहोत.