‘कोर्ट’ बघताना हसायचं कुणाला?

‘कोर्ट’ची ओळख सहसा ‘गंभीर’, ‘वास्तववादी’ अशा शब्दांत करून दिली जाते. त्यामुळे अनेकजण तो वॉचलिस्टला टाकतात आणि तिथेच ठेवतात. माझ्या मते चैतन्य ताम्हाणेचा हा पहिलाच चित्रपट अस्सल ब्लॅक कॉमेडी आहे. २०१४मध्ये व्हेनिसला त्याला पुरस्कार मिळाले, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. या पुरस्कारांच्या वजनाखाली त्यातला विनोद दबून गेला.

आरोपच बघा. मुंबईत वासुदेव पवार हा सफाई कामगार मॅनहोलमध्ये मरतो. पोलिस पकडतात लोकशाहीर नारायण कांबळेंना. का, तर म्हणे त्यांचं गाणं ऐकून त्याने आत्महत्या केली! एखाद्या फार्सला शोभेल असा हा आरोप. पण चित्रपटात कुणीच तो फार्ससारखा घेत नाही. सरकारी वकील नूतन १८७६चा नाट्यप्रयोग कायदा वाणसामानाची यादी वाचावी तशी वाचते. पोलिसांचा साक्षीदार इतर खटल्यांतही साक्षी देऊन सरावलेला निघतो. बाई स्लीव्हलेस घालून आली म्हणून न्यायाधीश सदावर्ते तिची केस पुढे ढकलतात. कॅमेरा मात्र लांब, स्थिर. कुठे हसायचं ते सांगायला पार्श्वसंगीतही येत नाही.

मग हसायचं कुणाला? इथे ताम्हाणे आपल्याला सोपी सुटका देत नाही. नूतनला खलनायिका करणं सहज जमलं असतं. त्याऐवजी तो तिच्यासोबत लोकलमधून घरी जातो. नवऱ्याचा मधुमेह, मुलांचं जेवण, स्वयंपाकाच्या तेलाच्या गप्पा. गीतांजली कुलकर्णींनी ती इतकी ओळखीची केलीय की आपली मावशीच वाटावी. हीच बाई कांबळेंना वीस वर्षं आत टाकून मोकळं व्हावं, असं सहज बोलून जाते. बचावाचा वकील विनय व्होरा चांगला माणूस. तो मात्र सुपरमार्केटमध्ये वाइन आणि चीज घेणाऱ्या वेगळ्याच मुंबईत राहतो. मला सर्वांत बोचलेला प्रसंग नूतनच्या कुटुंबाचा आहे. ते मराठी नाटकाला जातात, परप्रांतीयांवरच्या विनोदांना प्रेक्षागृह टाळ्या देतं. आपणही तोवर अंधारात बसून नूतनला आणि न्यायाधीशांना हसत असतो. दोन प्रेक्षागृहांतलं अंतर तिथे एकदम कमी होतं.

वासुदेवची बायको साक्षीला येते तेव्हा मात्र हसू थांबतं. तो आधी गटारात दगड टाकायचा. झुरळं बाहेर आली तर आत जगण्यापुरती हवा आहे, मग उतरायचं. गटारातल्या गॅसने त्याचा एक डोळा गेला होता. हे ती न रडता, न चिडता सांगते. सुरक्षेची साधनं का नव्हती, या प्रश्नावर खटला उभा राहायला हवा होता. उभा राहिला तो गाण्यावर.

तक्रार एकच. अटकेनंतर कांबळे हळूहळू पडद्याच्या कडेला जातात. वकील, न्यायाधीश यांचं खासगी आयुष्य आपण बघतो. कोठडीतला म्हातारा बहुतेक वेळा आरोपीच्या जागेवरूनच दिसतो. वीरा साथीदार यांची शांत, ताठ उपस्थिती पाहिली की ही उणीव जास्त जाणवते. व्यवस्था त्यांना असंच विसरते, हे दाखवायचं असेलही. तरी चित्रपटानेही त्यांना थोडंसं विसरावं, हे मला पटत नाही.

शेवट सांगतोय, नको असेल तर इथे थांबा. कोर्टाला सुट्टी लागते, दिवे एकेक करून विझतात. इथे चित्रपट संपला असता तर आपण हळहळून घरी गेलो असतो. पण ताम्हाणे न्यायाधीशांसोबत रिसॉर्टवर जातो. बोलता न येणाऱ्या मुलाच्या वडिलांना ते अंकशास्त्र सुचवतात. मग बाकावर डुलकी घेतात. पोरं ओरडून त्यांना दचकवतात आणि पळतात. हातात सापडतो एक, त्याला थप्पड बसते.

साक्ष नाही, तारीख नाही. पूर्ण चित्रपटातला सर्वांत झटपट निकाल हाच. मी हसलो, आणि हसू तोंडावर असतानाच कळलं की आपण नेमकं काय बघितलं.