न वाढलेली रॅम

घरचा संगणक रेंगाळू लागला की ‘रॅम वाढवा’ हा सल्ला हमखास मिळतो. सल्ला पुष्कळदा बरोबरही असतो. आमची तक्रार आहे ती तो ज्या रीतीने समजावून दिला जातो तिच्याबद्दल. रॅम म्हणजे टेबल, हार्ड डिस्क म्हणजे कपाट. टेबल मोठे तर काम झटपट, एवढे सांगून विषय संपवला जातो. वर्गात आम्हीही कित्येकदा तेच केले आहे.

वह्या तपासणारा शिक्षक डोळ्यांपुढे आणा. टेबलावर दहा वह्या मावतात आणि साठ वह्यांत आलटून पालटून डोकवायचे आहे, तर सारा वेळ कपाटाकडे खेपा घालण्यात जाईल. पण वह्याच आठ असतील तर टेबल दुप्पट करून काय होणार? तपासणीचा वेग तोच राहील. उपमेचा हा दुसरा अर्धा भाग सहसा सांगितलाच जात नाही. खेपेची खरी किंमतही तिच्यात दिसत नाही. १९९५ च्या सुमाराच्या घरगुती संगणकात रॅममधून माहिती मिळायला साधारण ६० ते ७० नॅनोसेकंद लागत. हार्ड डिस्कवर ती शोधायला सुमारे १० मिलिसेकंद. टेबलावरची वही उचलायला एक सेकंद धरला, तर कपाटाची एक खेप पावणेदोन दिवसांची झाली! रॅम अपुरी पडली की संगणक तिच्यातला मजकूर चार-चार किलोबाइटच्या ‘पानां’नी डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. डिस्कची ती अखंड घरघर म्हणजे या खेपाच.

अर्धवट समजुतीची किंमत किती पडते, हे त्याच वर्षी अमेरिकेत दिसले. ऑगस्ट १९९५ मध्ये ‘विंडोज ९५’ बाजारात आले. त्याला किमान ४ मेगाबाइट रॅम पुरेल असे सांगितले जाई, पण तेवढ्यात ते जेमतेम चाले. आणि रॅम तर महाग होती. अशा वेळी सिंक्रोनिस या कंपनीने ‘सॉफ्टरॅम ९५’ नावाची आज्ञावली विकायला काढली. रॅममधला मजकूर दाबून लहान करायचा आणि जागा दुप्पट करायची, असा तिचा दावा होता. लाखो प्रती खपल्या. पडद्यावर वाढीव रॅमचा आकडा दिसे आणि गिऱ्हाईक समाधान पावे. मार्क रसिनोविच आदी तज्ज्ञांनी आज्ञावली उलगडून पाहिली, तेव्हा तिच्यात मजकूर दाबण्याचे काम होतच नव्हते असे आढळले. १९९५ च्या अखेरीस कंपनीने माल परत मागवला आणि १९९६ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने तिचे दावे खोटे ठरवले.

म्हणून ‘आज्ञावलीने रॅम वाढणे शक्यच नाही’ असे मात्र विद्यार्थ्यांना सांगू नये. मूळ कल्पना खोटी नव्हती. मॅकिंटॉशच्या २०१३ च्या आवृत्तीपासून आणि विंडोज १० पासून रॅममधला मजकूर दाबून ठेवण्याची सोय खरोखरच आली आहे. फसवणूक झाली ती आकड्यावर विश्वास ठेवून घड्याळ न पाहिल्यामुळे.

तेव्हा शाळेच्या किंवा घरच्या संगणकात पैसे घालण्यापूर्वी ‘टास्क मॅनेजर’ उघडावा. नेहमीची कामे चालू असताना रॅम जवळजवळ भरलेली आणि डिस्क सतत गुंतलेली दिसली, तर ४ गिगाबाइटचे ८ करून फरक पडेल. रॅम निम्मी रिकामी असेल तर दोष दुसरीकडे आहे; जुन्या फिरत्या चकतीच्या जागी एसएसडी बसवणे बहुधा अधिक उपयोगी. (काही लॅपटॉपमध्ये रॅम पटलावर डाकलेलीच असते, तिथे वाढवण्याचा प्रश्नच येत नाही.) वर्गात हे काम मुलांवर सोपवावे. एकच मोठी फाइल आधी एकटी, मग दहा खिडक्या उघड्या ठेवून उघडायची, प्रत्येक वेळी सेकंद आणि भरलेली रॅम लिहायची. पहिल्यांदा उघडताना वेळ जास्तच लागतो, म्हणून ते वाचन सोडून द्यावे. पुढची तीन-तीन घ्यावीत.