स्वस्त कम्पायलरची निवड : टर्बो पास्कल ते आपल्या प्रयोगशाळांतील टर्बो सी++

प्रारंभीच्या घरगुती संगणकांसाठी कम्पायलर निवडताना किंमत हाच निर्णायक निकष होता, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते हे अर्धसत्य आहे. खरी कसोटी निराळी होती : चूक लक्षात येणे आणि ती दुरुस्त होऊन आज्ञावली पुन्हा चालणे, यांत किती वेळ जातो?

1984-85 मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पाद्वारे भारतीय शाळांत आलेल्या बीबीसी मायक्रोवर बेसिक भाषेचा इंटरप्रिटर होता. तो संथ असला तरी चूक तत्काळ दाखवीत असे. कम्पायलर वेग देई, परंतु जागा मागे. 48 किलोबाइटच्या झेडएक्स स्पेक्ट्रमवर हायसॉफ्ट पास्कल वापरणाऱ्यास कम्पायलर, मूळ मजकूर आणि तयार झालेली यंत्रसंहिता या तिघांना एकाच तोकड्या स्मृतीत बसवावे लागे. सीपी/एम प्रणालीवरील स्मॉल-सीची कथा अधिक बोधक आहे. रॉन केन यांनी 1980 मध्ये ‘डॉ. डॉब्ज जर्नल’मधून त्याची संपूर्ण संहिताच प्रसिद्ध केली. म्हणजे तो जवळजवळ फुकट होता. तथापि त्यात अपूर्णांकी संख्या नव्हत्या, ‘स्ट्रक्चर’ नव्हते, आणि त्यातून निघणारी असेंब्ली भाषा पुन्हा असेंब्लरमधून काढावी लागे. एका स्वल्पविरामासाठी ही सारी यातायात!

किंमत निर्णायक असती, तर स्मॉल-सीने बाजी मारली असती. प्रत्यक्षात ती मारली 1983 मध्ये 49.95 डॉलरला आलेल्या टर्बो पास्कलने. अँडर्स हेल्सबर्ग यांच्या या रचनेत संपादक आणि कम्पायलर एकत्रच स्मृतीत राहत. चूक सापडताच कम्पायलर थांबे व कर्सर नेमका त्या ठिकाणी जाई. तो पहिल्याच चुकीशी अडतो, प्रमाण पास्कलपासून फारकत घेतो, संहिता 64 किलोबाइटच्या मर्यादेत कोंडतो, हे आक्षेप खरेच आहेत. परंतु शिकणाऱ्यास एका वेळी एकच चूक पुरेशी असते.

याच परंपरेतील टर्बो सी++ आपल्याकडील महाविद्यालयांत रुजला. अल्प स्मृतीचे संगणक आणि इंटरनेटचा अभाव या परिस्थितीत तो स्वीकारण्याचा निर्णय योग्यच होता. आक्षेप आहे तो निकष विसरून निवड तेवढी जपण्याला. सी++ चे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण 1998 चे. टर्बो सी++ त्यापूर्वीचा. परिणामी विद्यार्थी ‘आयोस्ट्रीम.एच’ आणि ‘क्लियर-स्क्रीन’ यांनाच भाषा समजू लागतो. 64-बिट विंडोजवर 16-बिट आज्ञावली चालत नसल्याने तो डॉसबॉक्समधून चालवावा लागतो. ज्या साधनाची थोरवी पायऱ्या कमी करण्यात होती, त्यासाठीच एक पायरी वाढवावी लागते.

आमच्या गांधीबागेच्या कापडबाजारातले साधे उदाहरण घेऊ. 200 मीटर कापड, मीटरला 200 रुपये. दोन्ही संख्या ‘इंट’ म्हणून घोषित करून गुणाकार ‘इंट’मध्येच ठेवल्यास टर्बो सी++ उत्तर देतो उणे 25536, कारण तेथे ‘इंट’ची कमाल मर्यादा 32767 आहे. मर्यादा समजावण्यासाठी हा पाठ उत्तम; मात्र त्याच विद्यार्थ्याने पुढे 32-बिट ‘इंट’ असलेल्या आजच्या कम्पायलरवर हीच आज्ञावली चालविली तर उत्तर 40000 येते आणि पाठ केलेला नियम खोटा ठरतो. मर्यादा यंत्राची, कम्पायलरची की भाषेची, हा भेद त्याला कोणी सांगितलेलाच नसतो.

‘प्रयोगवह्या त्याच कम्पायलरवर बेतलेल्या आहेत’ हे समर्थन वारंवार ऐकू येते. ती अडचण खरी आहे, पण ती अध्यापकांची आहे, विद्यार्थ्यांची नव्हे. खर्चाची सबब तर टिकतच नाही. जीसीसी 1987 पासून विनामूल्य आहे. त्याचे त्रुटिसंदेश नवशिक्यास बोजड वाटतात, हा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यावा लागेल. म्हणून जीसीसी नुसता संगणकावर बसविणे पुरेसे नाही. चुकीच्या ओळीवर थेट नेणारा संपादक सोबत हवा, आणि पहिल्या काही तासिका त्रुटिसंदेश वाचण्यासाठीच राखून ठेवाव्या लागतील.