दुर्बल खडकातील बोगद्यांची आधारव्यवस्था : एक चिकित्सा

प्रस्तावना

देवगिरी किल्ल्यातील अंधारी आणि वेरूळची लेणी शतकानुशतके केवळ कातळाच्या बळावर उभी आहेत. त्यामुळे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) परिसरातील अभ्यासकाला खडक हा स्वभावतःच विश्वासू वाटतो. हा विश्वास मात्र सर्वत्र लागू पडत नाही. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी अतिवृष्टीने कन्नडच्या औट्रम घाटात दरडी कोसळल्या व वाहतूक बंद पडली. या घाटाला पर्याय म्हणून बोगद्याचा प्रस्ताव अनेक वर्षे चर्चेत राहिला आहे. अशा वेळी दुर्बल खडकात बोगद्याला आधार कसा द्यावा, याविषयीच्या प्रचलित विचारांची चिकित्सा आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात ती केली असून महाराष्ट्र व गोव्याच्या संदर्भात त्या विचारांच्या मर्यादा तपासल्या आहेत.

आधाराची संकल्पना : भारापासून सहकार्यापर्यंत

कार्ल टेर्झागी यांनी १९४६ मध्ये खडकाचा भार पोलादी कमानींनी पेलावा, या भूमिकेतून वर्गीकरण मांडले. येथे खडक म्हणजे ओझे आणि कमान म्हणजे हमाल. १९६४ मध्ये रॅबसेविच यांनी पुरस्कारिलेल्या नव्या ऑस्ट्रियन पद्धतीने हे नाते बदलले. बोगद्याभोवतीचा खडक हाच मुख्य आधार असून शॉटक्रीट व रॉक बोल्ट यांनी त्याला केवळ साहाय्य करावयाचे आहे, असे या पद्धतीने सांगितले.

खडकाला थोडे सरकू दिले तर आधारावरील दाब कमी होतो, हे यातील मर्म आहे. फार ताठ आधार लवकर दिला तर तो मोडतो. फार उशिरा दिला तर खडक सैल होऊन कोसळतो. ऑस्ट्रियातील टाउर्न बोगद्यात १९७० च्या दशकात शॉटक्रीटमध्ये लांबीच्या दिशेने मुद्दाम फटी ठेवून आवळणाऱ्या खडकाला सरकण्यास वाव दिला गेला. तथापि, ‘खडकाला सरकू द्यावे’ या वाक्याचा अर्थ ‘आधार लांबणीवर टाकावा’ असा घेतला गेल्यास पद्धत बदनाम होते. सरकण्याची परवानगी ही मोजमापाच्या अटीवरच आहे.

सूत्रांचे सामर्थ्य आणि मर्यादा

हूक व मारिनोस यांनी २००० मध्ये दिलेले सूत्र या क्षेत्रात बरेच मानले जाते. भेगांसह संपूर्ण खडकाचे बल आणि त्या खोलीवरील भूप्रतिबल यांचे गुणोत्तर काढावे, ०.२ या संख्येला त्या गुणोत्तराच्या वर्गाने भागावे. येणारी संख्या म्हणजे आधार नसलेल्या बोगद्याचे शेकडा आकुंचन. उदाहरणार्थ, ३०० मीटर खोलीवर भूप्रतिबल सुमारे ८ मेगापास्कल असते. खडकाचे बल १.६ मेगापास्कल असल्यास गुणोत्तर ०.२ आणि आकुंचन ५ टक्के येते. म्हणजे १० मीटर व्यासाचा बोगदा अर्धा मीटर आवळला जाईल. आकुंचन १ टक्क्याच्या आत असेल तर अडचणी थोड्या. १० टक्क्यांपुढे गेल्यास स्थिती अतितीव्र समजली जाते.

हे सूत्र धोक्याची पूर्वसूचना म्हणून मोलाचे आहे. परंतु ते वर्तुळाकार बोगदा, सर्व बाजूंनी समान प्रतिबल आणि एकजिनसी खडक गृहीत धरते. रुरकीच्या भवानी सिंग प्रभृतींनी १९९२ मध्ये बार्टन यांच्या क्यू अंकाशी खोलीची सांगड घातली. क्यू अंक १ असल्यास सुमारे ३५० मीटर खोलीनंतर खडक आवळू लागतो. या मांडणीमागे मुख्यत्वे हिमालयाचा अनुभव आहे. तिचा उपयोग अन्यत्र करताना हे विसरून चालत नाही.

दख्खनच्या खडकाचा वेगळा प्रश्न

दख्खनच्या पठारावर कठीण बेसाल्टच्या दोन थरांमध्ये अनेक ठिकाणी तांबड्या बोलचा मऊ थर असतो. त्याची जाडी काही सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत आढळते. कोरडा असताना तो टिकतो. हवा व पाणी लागताच भुसभुशीत होतो. त्यावर टेकलेल्या भेगाळ बेसाल्टचे बूड अशा वेळी सुटते आणि ठोकळे खाली येतात. येथे खडक खोलीच्या दाबाने आवळला जात नाही. त्याचे बैठकस्थान नष्ट होते. अशा ठिकाणी बेसाल्ट आणि बोल यांची सरासरी काढून एकच गुणांक देणे म्हणजे दोन भिन्न रोग्यांचे तापमान मिळवून निदान करणे होय. टेर्झागी यांनी आवळणारा खडक आणि पाण्याने फुगणारा खडक असा भेद १९४६ मध्येच केला होता. उत्तरकालीन व्यवहारात ‘दुर्बल खडक’ या एकाच नावाखाली तो पुसट झाला, हा येथील मुख्य आक्षेप आहे.

कोकण रेल्वेवरील पेडणे येथील सुमारे दीड किलोमीटरचा बोगदा याची साक्ष देतो. पाण्याने भिजलेल्या मऊ मातीतून तो काढताना वारंवार ढासळण झाली आणि कामास अनेक वर्षे लागली. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग सुरू झाला, तरी प्रश्न संपला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये या बोगद्याच्या भिंतीचा भाग कोसळला, तर जुलै २०२४ मध्ये आत पाणी शिरल्याने गाड्या रद्द कराव्या लागल्या. बोगदा खोल नसूनही पाणी त्याला छळत राहिले. उत्तराखंडातील सिल्क्यारा येथे १२ नोव्हेंबर २०२३ रोजी कोसळलेला भागही तोंडापासून सुमारे २०० मीटर आतला, आधीच खोदून झालेला होता. पुढे काम करणारे ४१ कामगार १७ दिवस अडकून पडले. आधार एकदा दिला की संपला, ही समजूत किती महाग पडू शकते, हे त्यातून दिसते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, आधाराची ताकद ठरविण्यापूर्वी दुर्बलतेचे कारण निश्चित करणे अगत्याचे आहे. खोलीच्या दाबाने आवळणाऱ्या खडकाला लवचीक आधार हवा. पाण्याने विरघळणाऱ्या थराला तात्काळ आच्छादन व निचरा हवा. पहिल्याचा उपाय दुसऱ्याला लावल्यास वाट पाहण्यातच बोगदा जाईल. म्हणून कंत्राटात आधाराचा प्रकार आगाऊ कायम न करता प्रत्यक्ष मोजमापानुसार तो बदलण्याची व त्याचा मोबदला देण्याची तरतूद असावी. अन्यथा खडकाने दिलेली सूचना कागदावर उतरेल, पण आत काम करणाऱ्या मजुरापर्यंत वेळेत पोहोचणार नाही.