आत्म्याला हाक

कॅलिफोर्नियातील मर्सेड येथे १९८२ साली जन्मलेली लिया ली तीन महिन्यांची असताना तिच्या थोरल्या बहिणीने घराचे दार जोरात आपटले आणि लियाला झटका आला. डॉक्टरांनी पुढे अपस्माराचे निदान केले. लाओसहून निर्वासित म्हणून आलेल्या तिच्या ह्माँग आईवडिलांनी मात्र, भ्यालेला आत्मा देह सोडून गेला, असे मानले. ॲन फॅडिमन यांचा ‘द स्पिरिट कॅचेस यू अँड यू फॉल डाउन’ (१९९७) हा ग्रंथ या दोन निदानांत सापडलेल्या बालिकेची कहाणी सांगतो.

ह्माँग श्रद्धेनुसार माणसाला अनेक आत्मे असतात. भयाने वा शोकाने एखादा हरवला की दुखणे येते. मग तांदूळ, अंडी, कोंबडी, उदबत्ती घेऊन दारातून त्याला घरी बोलावतात आणि मनगटाला दोरे बांधतात. लेखिका हे सारे उपहास न करता सांगते. डॉक्टरांनाही ती खलनायक ठरवत नाही. चार वर्षांच्या आत लियाची औषधे तेवीस वेळा बदलली. निरक्षर आईवडिलांना ती नीट देता येईनात, काही द्यावीशीही वाटेनात. १९८५ मध्ये न्यायालयाने मुलीला जवळजवळ वर्षभर परक्या घरी ठेवले. १९८६ च्या अखेरीस आलेल्या भयंकर झटक्यानंतर तिचा मेंदू कायमचा निकामी झाला. २०१२ साली ती वारली, तोवर घरच्यांनी तिला जिवापाड जपले.

ग्रंथाची थोरवी मान्य करूनही आमचा एक आक्षेप आहे. आत्मा खरोखर हरवतो काय, हा प्रश्न लेखिका ‘संस्कृती’ या शब्दाआड ठेवते. लियाच्या आईवडिलांसाठी ते रूपक नव्हते, सत्य होते. एखाद्याच्या श्रद्धेचा आदर करायचा आणि ती खरी की खोटी हे विचारायचेच नाही, हा आदर अपुरा होय. आमची शिकवण स्पष्ट आहे: मनुष्याचा आत्मा एकच, आणि मरणापूर्वी तो देहाला सोडीत नाही. म्हणून हा विधी उपचार म्हणून आम्हांस मान्य नाही. परंतु रुग्णाला नावाने हाक मारून आपल्यात परत बोलावणारे ते प्रेम आम्हांस परके नाही. आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगातही ख्रिस्तसभा एकाकी रुग्णाजवळ जाते. मात्र त्यासाठी ती औषध सोडावयास सांगत नाही.

मर्सेडच्याच मर्सी या कॅथलिक परंपरेच्या रुग्णालयाने २००९ पर्यंत ह्माँग शामानांना रुग्णापाशी ठरावीक नऊ विधी करण्याची मुभा दिली होती. यात सिद्धान्ताची तडजोड पाहणाऱ्यांनी फॅडिमन यांचे एक निरीक्षण लक्षात घ्यावे: हे दुखणे कशाने आले असे तुम्हांला वाटते, हा साधा प्रश्न लियाच्या आईवडिलांना डॉक्टरांनी विचारलाच नव्हता.

प्रार्थनेने बरे वाटले म्हणून फेफऱ्याची गोळी बंद करणारी, आणि डॉक्टरांपासून ते लपवणारी माणसे आपल्यातही आहेत. त्यांना अंधश्रद्ध म्हणून गप्प करण्याआधी तोच प्रश्न विचारावा, आणि उत्तर ऐकून झाल्यावर गोळी त्यांच्या हाती द्यावी. त्यासाठी तरी हा ग्रंथ आमच्या वाचकांनी अवश्य वाचावा.