उशाशी बसलेल्या बहिणी

इंगमार बर्गमनच्या ‘क्राइज अँड व्हिस्पर्स’मध्ये (1972) सुरुवातीला बराच वेळ कोणी बोलतच नाही. धुक्यातली झाडं, घड्याळांची टिकटिक आणि मग अग्नेसचा झोपलेला चेहरा. जाग येते तीच कळेसरशी. ती कशीबशी उठते आणि रोजनिशीत लिहिते की सोमवारची पहाट आहे, दुखतं आहे. तिच्यावर लक्ष ठेवायला बसलेली बहीण मारिया पलीकडे गाढ झोपली आहे.

अग्नेसला कॅन्सर आहे. कॅन्सरचा सिनेमा म्हटला की आपल्याला आदल्याच वर्षीचा ‘आनंद’ आठवतो. तिथे मरणारा माणूस बोलून बोलून सगळ्यांना जिंकतो. इथे हॅरिएट अँडरसनची अग्नेस फार बोलत नाही. तिचा श्वास घशात खरवडत राहतो आणि ऐकणाऱ्याला पळून जावंसं वाटतं. नेमकं हेच बर्गमनला हवं आहे. आजार अग्नेसचा असला तरी परीक्षा तिच्या बहिणींची, कारिन आणि मारियाची, चालली आहे.

भिंती, पडदे, गालिचे, सगळं लाल. प्रसंग संपला की पडदा काळा होत नाही, लाल होतो. आत्म्याचं अंतरंग म्हणजे ओलसर लाल त्वचा, अशी कल्पना बर्गमनने लहानपणापासून बाळगली होती. त्या लालीवर पांढऱ्या कपड्यांतल्या बायका आणि अगदी जवळून पाहिलेले चेहरे! स्वेन न्यूक्विस्टला या छायाचित्रणासाठी ऑस्कर मिळालं.

मेलेली अग्नेस बहिणींना एकेक करून हाक मारते. भुताटकीचा हा प्रसंग जराही भुताटकीसारखा वाटत नाही. कारिन स्पष्ट सांगते, माझं तुझ्यावर प्रेम नाही. मारिया गोड बोलत जवळ जाते, पण अग्नेसने ओढून धरताच किंचाळत पळते. उरते मोलकरीण अ‍ॅना, जिची स्वतःची मुलगी गेलेली आहे. ती छाती उघडी करून अग्नेसला मांडीवर घेते. रक्ताच्या नात्याने स्पर्श करता येतोच असं नाही, हे बर्गमनने त्या एका दृश्यातून सांगितलं आहे. आणि त्या अ‍ॅनाला घरची मंडळी नंतर कामावरून काढतात, वर आठवण म्हणून एखादी वस्तू घे म्हणतात. ती नको म्हणते.

शेवटी रोजनिशीतला एक सुखाचा दिवस येतो. तिघी बहिणी झोपाळ्यावर बसल्या आहेत. झोका देणारी अ‍ॅनाच आहे, हे पहिल्यांदा पाहताना लक्षातही येत नाही. बऱ्याच जणांना हा शेवट सांत्वन देतो. मला त्याआधीचा निरोप जास्त बोचतो. मधल्या एका रात्री कारिन आणि मारिया एकमेकींचे चेहरे कुरवाळत खूप बोलल्या होत्या. तेव्हा त्यांचे शब्द आपल्याला ऐकू येत नव्हते, फक्त बाखचा चेलो वाजत होता. निघताना कारिन त्या स्पर्शाची आठवण काढते. मारिया हसून म्हणते, असल्या फालतू गोष्टी मी कुठे लक्षात ठेवू!